सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या

भाऊसाहेबांचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं : अर्थ एकच असतो, भाषा कुठलीही असो, माहीतगार माणूस तो इकडचा तिकडे बिनबोभाट पोचवतो. बाईंचं म्हणणं एका ओळीत सांगता येत नाही, आणि तेच त्यांचं म्हणणं आहे.

दोघंही नगरचे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावानं. पण एसटीत तिकीट काढणारा अजून ‘एक नगर’ म्हणतो, आणि नगर हे दोन्ही नावांत आहेच, तेव्हा इथं तेवढंच लिहितो. भाऊसाहेब हे काही त्यांचं नाव नाही. आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. सरकारनं तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ केला, तरी बांधावर उभ्या माणसाला एवढं लांब बोलायला सवड नसते. हे भाऊसाहेब निवृत्तीनंतर मोडी शिकले. लोक पेटीतले जुने कागद घेऊन त्यांच्याकडं येतात. बाई शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायच्या. त्यांनाही गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. मी दोघांचा शेजारी. त्यांच्या वादात मला मत विचारलं जात नाही, म्हणून ते इथं मांडतो.

वादाला तोंड फुटलं ते एका इनामाच्या कागदावरून. त्यात ‘अवलाद अफलाद’ असे शब्द होते. कागद ज्यांचा होता ते समजून घेऊन निघून गेले, आणि भाऊसाहेब बाईंकडं वळले.

“आता बघा बाई. इनाम पिढ्यान् पिढ्या चालावं, एवढंच सांगायचंय. फारसीत औलाद-ओ-अहफाद म्हणतात, मुलं आणि नातवंडं. आपल्या कारकुनांच्या मोडीत त्याचं अवलाद अफलाद झालं. मराठीत लिहिणारा त्याच जागी ‘लेकराचे लेकरी’ लिहितो. आणि ताम्रपट कोरणारा संस्कृत पंडित लिहितो, चंद्र-सूर्य असेपर्यंत. तीन भाषा, तीन लिहिणारे, नोंद एकच. गाव नमुना ६-क ला वारस लावताना यातलं काहीही पुढं आलं असतं, तरी माझा पेन अडला नसता.”

“तुमचा पेन अडला नसता, कारण तुम्हाला नुसती नोंद घ्यायची होती,” बाई म्हणाल्या. “संस्कृतवाल्यानं मान वर केलीय. त्याचं माप आकाशात आहे, त्यात माणूसच नाही. फारसीवाला घराच्या ओट्यावर आलाय, मुलं-नातवंडं मोजतोय. आणि मराठीवाल्यानं लेकरू मांडीवर घेतलंय. लेकरू म्हणजे काही वारस नव्हे. वारसाला हिस्सा लागतो, लेकराला माया लागते.”

“हे सगळं कवितेत ठीक आहे.”

“कवितेत नाही, कचेरीत. समजा वंश बुडाला. चंद्र-सूर्य तर उगवतच राहणार, म्हणजे संस्कृतातलं दान चालू. मराठी कागदातलं लेकरूच नाही, तर इनाम कुणाला चालवायचं? निकाल वेगवेगळे लागतील की नाही?”

“दत्तक घेतील.”

“मग ते दत्तक लेकरू की नाही, यावर भांडण. आणि ते भांडण तुमच्याच दप्तरात.”

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. नोकरीत दत्तकाची किती भांडणं पाहिली असतील, त्याची उजळणी चाललेली असावी. हा डाव मी बाईंना दिला. तीनही शब्दप्रयोग दप्तरात शेजारी शेजारी नांदले खरे, पण एकानं काळ मोजला, दुसऱ्यानं पिढ्या मोजल्या आणि तिसऱ्यानं नातं सांगितलं.

पण भाऊसाहेब हार मानणारे नव्हेत. मलिक अंबरच्या काळातल्या कागदांवर साल कसं लिहायचे, ते त्यांनी काढलं. तो शुहूर सन, आणि आकडा अरबी शब्दांत. ‘इसन्ने अशरीन अलफ’ म्हणजे दोन, वीस, हजार : १०२२. इसवी सनात १६२१-२२. “अरब आधी दोन म्हणतो मग वीस. आपणही बावीस म्हणतो, म्हणजे आधी ‘बा’, मग वीस. कन्नडवाला ‘इप्पत्तेरडु’ म्हणतो, म्हणजे आधी वीस, मग दोन. इंग्रजही तसाच. पण गाईला बावीस शेर दूध असलं, तर ते कन्नडात तेवीस शेर होत नाही! इथं तरी अर्थ सगळीकडं एकच ना?”

“दूध तेवढंच,” बाई म्हणाल्या. “पण दुसरीतल्या पोराला विचारा. कानावर आधी ‘बा’ पडतो, आणि पाटीवर आधी दशकाचा आकडा काढायचा. म्हणून तर २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस दोन’ असं वाचायला सुचवलं. केवढा गहजब झाला! गणितज्ञ मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, जोडाक्षरं टळतात, मुलांना सोपं जातं, ऐकतो कोण? आकडा बदलला नव्हता, नुसता बोलायचा क्रम. तरी लोकांना वाटलं, मराठीच गेली. का वाटलं? कारण अर्थ फक्त बेरजेत नसतो.”

यावर दोघांचं जमलं नाही, आणि माझंही कुणाशी जमलं नाही. गणितात मी भाऊसाहेबांच्या बाजूचा. पण ‘बावीस’ला ‘वीस दोन’ म्हणून हाक मारायची माझी जीभ वळत नाही.

पुढची चाल भाऊसाहेबांची होती, आणि तिथंच ते फसले. आमच्या खात्यात सगळे शब्द परक्या भाषेतले, असं ते अभिमानानं सांगू लागले. महसूल, तहसील, जमाबंदी, हद्द, जिरायत, बागायत. “पारनेरच्या शेतकऱ्याला यातला एक शब्द अडतो का? अरबी-फारसीतून अर्थ आला, बसला, रुळला. चारशे वर्षं कारभार चाललाय.”

“जिरायत म्हणजे काय हो?”

“पावसावरची जमीन. कोरडवाहू.”

“अरबीत जिराअत म्हणजे शेती. नुसती शेती. त्यात पाऊस नाही, कोरडं नाही, काही नाही.”

भाऊसाहेब गप्प. बाई पुढं म्हणाल्या, “अरबाला शेती एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द आपल्या माळावर आला. इथं पाणी आहे की नाही, हाच शेतीचा पहिला प्रश्न. विहिरीच्या नाहीतर पाटाच्या पाण्यावरची ती बागायत झाली, मग उरली ती जिरायत. शब्द समुद्रापलीकडून आला असेल, त्याचा अर्थ पारनेर-कर्जतच्या दुष्काळानं ठरवला. कैरोच्या माणसाला तुमचा सातबारा वाचून दाखवा, जिरायत शब्द ऐकून तो मान डोलवेल आणि जमिनीची किंमत पार चुकीची धरेल.”

इथं भाऊसाहेबांचा मोठेपणा दिसला. त्यांनी स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा आणला. “मग कुळ पण घ्या. तो तर तुमच्या संस्कृतातला. कुळ म्हणजे घराणं. आणि १९४८ च्या कुळकायद्यात कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कीर्तनात ‘रामाचं कुळ’ म्हटलं तर रघुवंश. सातबाऱ्यावर रामाचं कुळ म्हटलं, तर राम जमीनमालक आणि कसणारा तिसराच!” असं म्हणून तेच मोठ्यानं हसले.

शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाचा विषयही निघाला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. त्याच काळात पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. पदं तीच, नावं नवी. पण लोक पेशव्यांना शेवटपर्यंत पेशवेच म्हणाले, आणि ते संस्कृत शब्द अडीचशे-तीनशे वर्षांनी परत आले ते निराळं काम घेऊन. महाराजांचा मंत्री राजाची रोजची टिपणं ठेवी, त्याच्या भोजन-निमंत्रणांकडं बघे. आजच्या मंत्र्याला असं काम सांगून बघा. याबाबत दोघांचं एकमत झालं, म्हणून हा विषय लवकर संपला.

खरा वाद नेवाशाचा.

नेवासे नगरपासून साठेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर. प्रवरेकाठी. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, तिथं ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. बाईंनी सांगितला तो हिशोब : गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार.

“अर्थ तसाच्या तसा पोचत असता, भाऊसाहेब, तर सातशे श्लोकांना सातशे ओव्या, फार तर चौदाशे. ओवी श्लोकापेक्षा आखूड, मान्य. पण नऊ हजार? ज्या माणसाच्या हातात मराठी अशी खेळत होती, त्याला थोडक्यात सांगता येत नव्हतं म्हणायचं का?”

“पाल्हाळ नव्हे, पण विस्तार आहे. कीर्तनकारही करतो.”

“तेरावा अध्याय उघडा. ज्ञानाची लक्षणं सांगताना गीतेत ‘अहिंसा’ हा शब्द यादीतला एक म्हणून येतो. तीन अक्षरं. कृष्ण ती उच्चारून पुढं जातो, कारण अर्जुनाला त्या शब्दामागची सगळी शास्त्रं ठाऊक आहेत. ज्ञानेश्वर तिथं शंभरावर ओव्या थांबतात.”

बाईंनी मग त्या ओव्यांत काय आहे ते सांगितलं. पाठ म्हणून नाही दाखवलं. शिक्षकी पेशातल्या माणसाला एवढा संयम मी प्रथमच पाहिला. ज्ञानेश्वर आधी अहिंसा काय नव्हे, ते सांगतात. पाऊस पडावा म्हणून पशू मारून यज्ञ करायचा आणि त्याला अहिंसा म्हणायचं, हे त्यांना पटत नाही. एका जिवाला वाचवायला औषधासाठी झाडं मुळासकट उपटायची, ही वैद्याची दयाही ते तपासून घेतात. मग अहिंसा अंगी बाणलेला माणूस चालतो कसा, बोलतो कसा, त्याची नजर कशी पडते, हात कसा हलतो, हे एकेक करून येतं. पाऊल टाकताना जिवाला लागेल म्हणून जपतो तो किती, हे दाखवायला पिलाला दातांत धरून नेणारी मांजर येते. तेच दात, पण पिलाला लागत नाहीत.

“बघा,” बाई म्हणाल्या, “भाषांतरानं भागत असतं, तर ‘अहिंसा म्हणजे न मारणं’ लिहून ज्ञानेश्वर पुढच्या शब्दाकडं गेले असते. ते गेले नाहीत, कारण ‘न मारणं’ लिहिलं की शब्द पोचतो आणि अर्थ मागं राहतो.”

भाऊसाहेबांनी इथं जे उत्तर दिलं, ते मला या सगळ्या वादातलं सगळ्यात चोख वाटतं. ते म्हणाले, “बाई, माझ्या आजीला सही करता येत नव्हती. कीर्तनाला जायची. रोज सकाळी वारुळावर चिमूटभर पीठ टाकायची, आणि विचारलं तर ज्ञानेश्वर महाराजांनी सांगितलंय म्हणायची. तिला गीतेचा एक श्लोक येत नव्हता. मग अर्थ पोचला की नाही पोचला? तुम्ही वाहतुकीचा खर्च दाखवताय आणि माल पोचलाच नाही म्हणताय.”

“माल पोचला. पण निघाला तोच पोचला का? गीतेत मांजर नाही.”

“मांजर वाटेत चढलं!”

“तेच तर म्हणते.”

इथं थोडा वेळ चहा झाला.

मग भाऊसाहेबांनी नेवाशातल्या नोकरीची आठवण काढली. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असं मानतात, तो पैसाचा खांब तिथल्या मंदिरात आहे. खांबावर अक्षरं आहेत. भाविक दर्शन घेतात, अक्षरं कुणी वाचत नाही. लेख संस्कृतात आहे, आणि तो अध्यात्माचा नाही; करवीरेश्वर देवाच्या दिव्याच्या तेलासाठी दरमहा द्यायच्या दानाची नोंद आहे ती, चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं अशी. “म्हणजे बाई, त्या दगडावर तलाठ्याचं काम संस्कृत करतंय,” भाऊसाहेब म्हणाले, “आणि वेदान्ताचं काम त्याला टेकून मराठीत चाललंय!”

बाई खूश झाल्या, वाद विसरून म्हणाल्या, “हे मला माहीत नव्हतं.” मलाही ही गोष्ट दोघांच्या बाकीच्या बोलण्यापेक्षा मोलाची वाटते. अमुक भाषा ज्ञानाची, तमुक भाषा व्यवहाराची, अशी वाटणी आपण फार सहज करून टाकतो. इंग्रजी आणि मराठीची रोज करतो. नेवाशाच्या दगडानं ती वाटणी सव्वासातशे वर्षांपूर्वीच उलटी करून ठेवली आहे. तेलाचा हिशोब देववाणीत, आणि ब्रह्माचा विचार बायाबापड्यांच्या बोलीत.

बाईंना वाटलं होतं, नेवाशानं त्यांची बाजू पक्की झाली. भाऊसाहेबांनी त्यांना श्रीगोंद्याला नेलं. शेख महंमद. जन्मानं मुसलमान, परंपरेनं सूफी, आणि वारकऱ्यांना आपला वाटणारा संतकवी. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा, ओवीबद्ध. मालोजीराजांची त्यांच्यावर श्रद्धा होती असं सांगतात. “त्यांना अल्लाचं सांगायचं होतं, त्यांनी ते हरीच्या भाषेत सांगितलं. मग?”

“मग काही नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनी अल्ला बरोबर हरी, पीर बरोबर गुरू, असा तक्ता नाही केला. तक्ता केला असता तर दोन्हीकडच्या लोकांनी दगड मारले असते. त्यांनी आतल्या शत्रूंशी लढाई मांडली. वासनेशी झुंज सूफीलाही ठाऊक आणि योग्यालाही. शब्दाला शब्द लावायच्या भानगडीत न पडता त्यांनी दोघांनाही ठाऊक असलेलं रणांगण शोधलं.”

“शिर्डीत तर तेवढंही करावं लागलं नाही. श्रद्धा आणि सबुरी. एक शब्द संस्कृत, दुसरा अरबी सब्रवरून आलेला. भाषांतर कुणी मागितलं? दोन्ही एका भिंतीवर.”

“सबुरीच्या जागी धीर लिहून बघा.”

“श्रद्धा आणि धीर.” भाऊसाहेबांनी उच्चारून पाहिलं. “नाही. धीर देता येतो. सबुरी ज्याची त्यानंच धरायची.”

कुणाचा मुद्दा सिद्ध झाला, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

मिशनचा विषय निघाल्याशिवाय नगरात भाषेची गोष्ट पुरी होत नाही. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ मध्ये आलं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघू लागला. ख्रिस्ती शास्त्र मराठीत आणताना निर्णय घ्यावे लागले, आणि ते एका तत्त्वानं घेतलेले दिसत नाहीत. रोजच्या अन्नासाठी मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत ‘भाकर’ आली. येशूच्या गॅलिलीत बाजरी नव्हती. तरी नगर जिल्ह्यात भाकर म्हटल्यावर भूक आणि पोट दोन्ही समजतं. पण दीक्षास्नानासाठी मात्र मूळचा ग्रीक शब्दच ठेवला : बाप्तिस्मा.

“का नाही स्नान म्हटलं?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“स्नान म्हटलं की आपल्याला गोदावरी दिसते, पर्वणी दिसते, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागतं. बाप्तिस्मा एकदाच. जिथं मराठी शब्दात आपला अर्थ आधीच गच्च भरलेला, तिथं त्यांनी परका शब्द घेतला. जिथं मराठी शब्द मोकळा होता, तिथं आपला घेतला.” मग बाईंनी टिळकांचं नाव काढलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. त्यांनी नगरला ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवलं आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले ते ख्रिस्तावर. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं; ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ इंग्रजीत एकाहून अधिक वेळा गेली, जसं १९५० मध्ये जोसेफिन इंकस्टर यांच्या हातून आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांच्या. “एकदा पोचली होती, तर दुसऱ्यांदा का न्यावी लागली?”

“सातबाऱ्याचंही दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. म्हणून जमीन बदलली का?”

“जमीन नाही बदलायची. पण पुनर्लेखनात बहिणींची नावं गळायची, हे तुम्हीच सांगता.”

भाऊसाहेबांनी उत्तर दिलं नाही. तशा गळलेल्या नावांसाठी कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या आहेत.

राहता राहिला भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण तिथं कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथं १९४४ मध्ये लिहिलं, आणि प्रस्तावनेत सोबत्यांच्या भाषांची यादीच दिली : हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, उडिया, शिवाय संस्कृत, पाली, अरबी, फारसी. मराठी शंकरराव देवांची. मौलाना आझाद तिथंच उर्दूत, टपालात न टाकलेली पत्रं लिहीत होते, चहावर, चिमण्यांवर. ती पुढं ‘गुबार-ए-खातिर’ झाली.

भाऊसाहेबांचा हुकमी पत्ता होता आचार्य नरेंद्र देव. त्यांनी कैदेत ‘अभिधर्मकोश’ हिंदीत आणायचं काम केलं. वसुबंधूचा मूळ ग्रंथ संस्कृत. ते संस्कृत भारतात हरवलं. पण सातव्या शतकात ह्युएन त्संगनं त्याचं चिनी केलं होतं, तिबेटीही होतं. त्यावरून बेल्जियमच्या पूसँ यांनी फ्रेंच केलं, आणि फ्रेंचवरून नरेंद्र देवांनी हिंदी. “संस्कृत, चिनी, फ्रेंच, हिंदी. आणि शेवटचा मुक्काम कुठं? आपल्या नगरच्या किल्ल्यात, खंदकाच्या आत, पहाऱ्यात. मूळ पोथी हरवली तरी अर्थ हरवला नाही. आता बोला.”

बाई बोलल्या. “ज्या ह्युएन त्संगचं नाव घेताय, त्याच्याच नावावर एक नियम सांगतात. पाच तऱ्हेचे शब्द भाषांतरित करायचे नाहीत, आवाजासकट तसेच ठेवायचे : मंत्रासारखे गूढ, ज्यांना अनेक अर्थ आहेत, जी वस्तू चीनमध्ये नाही, जसं जांभळाचं झाड, पूर्वीपासून तसेच चालत आलेले, आणि ज्यांच्याबद्दल आदर आहे. ‘प्रज्ञा’ला त्यानं चिनी शहाणपण म्हटलं नाही, कारण ते हलकं पडतं. जगातला एवढा मोठा भाषांतरकार, आणि त्यानं पहिल्यांदा ठरवलं काय, तर कुठं थांबायचं.”

“थांबला आणि तरी पोचला.”

“थांबला म्हणून पोचला.”

असं त्या दोघांचं अजून चालू आहे. आता माझं मत, जे कुणी विचारलं नाही.

अर्थ भाषेपलीकडं जातो, हे भाऊसाहेबांचं खरं. वारुळावर पीठ टाकणारी आजी मला कुठल्याही सिद्धान्तापेक्षा भक्कम पुरावा वाटते. पण तो बिनबोभाट जातो, हे खोटं. सातशेच्या नऊ हजार करणारा कुणीतरी लागतो, बाप्तिस्म्यापाशी थांबणारा लागतो, मांजर वाटेत चढवणारा लागतो. आणि या कष्टाचा हिशोब ठेवला नाही की आपण समजतो, शब्द बदलला म्हणजे काम झालं. आज यंत्र क्षणात शब्द बदलून देतं, सरकारी पत्रकंही तशीच येतात. त्यांत ‘कुळ’ म्हणजे घराणं की कसणारा, हे कुणीतरी भाऊसाहेबच बघणार. आणि बाईंना मला एवढंच सांगायचंय की वाटेत बदलला म्हणून अर्थ बिघडला, असं दरवेळी समजू नये. जिरायत अरबीत आहे त्याहून आपल्याकडं नेमका झालाय.

एक विनंती मात्र दोघांच्या वतीनं करतो. जिल्ह्यात अजून कितीतरी घरांच्या पेट्यांत, देवघराच्या फडताळांत मोडी कागद पडून आहेत. घर पाडून नवं बांधताना ते रद्दीत जातात. आपल्या घरी असा कागद असेल तर तो विकू नका, लॅमिनेट करू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका. कोरड्या कापडात गुंडाळून मोडी जाणणाऱ्याला दाखवा. नगर शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, तिथंही चौकशी करता येईल. वाचणारे थोडे उरलेत आणि जे आहेत त्यांतले पुष्कळ जण भाऊसाहेबांच्या वयाचे आहेत, तेव्हा दिवाळीनंतर बघू असं म्हणू नका.